जावयांची टीम

आमच्या आळीची क्रिकेटची टीम का बुडाली, हे त्या काळी ठाण्यात कुणालाही विचारलं असतं तर त्याने स्वतःचं एक कारण काढून दिलं असतं. कुणी म्हणायचं, मॅटिंग झिजलं. कुणी म्हणायचं, खाडीवरचा वारा बदलला. शेजारचे वकील तर स्वातंत्र्य मिळाल्यापासून पोरांच्या अंगातली शिस्तच गेली, असं छातीठोकपणे सांगायचे. त्यांच्या घरची डाळ शिजली नाही तरी कारण तेच असायचं. मी बाईमाणूस, मला कुणी विचारलं नाही. पण खरं कारण मला पक्कं माहीत होतं, कारण त्याच्याशीच माझं लग्न झालं होतं.

टीम बुडाली ती जावयांमुळे. आणि त्यातला पहिला जावई म्हणजे आमचे हे.

टीम माझ्या बाबांची. नावाला कॅप्टन माझा थोरला भाऊ, दादा. पण कुणी कुठे उभं राहायचं, कुणी बॉल टाकायचा आणि कुणी रात्री मुकाट्याने लवकर झोपायचं, हे सगळं बाबा ठरवत. बाबा कचेरीत हेडक्लार्क होते. तरुणपणी विकेटकीपिंग करताना उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालं आणि तेव्हापासून ते स्वतः खेळायचं सोडून दुसऱ्यांना खेळवायला लागले. कोपरीला, रुळांच्या पलीकडे, भात कापून झालं की एका आगरी शेतकऱ्याचं शेत आम्हाला मिळायचं. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मधोमध काथ्याचं मॅटिंग खिळे ठोकून ताणायचं, की झालं मैदान. दर रविवारी बाबा त्या शेताच्या बांधावर छत्री टेकवून उभे राहत आणि सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असे.

बाबांच्या शिव्या म्हणजे देवघरात म्हटल्या तरी चालतील अशाच. ‘टोणग्या’ ही त्यांतली सगळ्यांत वरची. कॅच सुटला की “हात आहेत की झारा?” बॉल पायांतून गेला की “डोळे खुंटीला टांगून आलास का?” पोरं ते ऐकून हसत नसत आणि रागावतही नसत, फक्त पुढचा बॉल नीट अडवत. एखाद्याला दोन रविवार बाबा काही बोलले नाहीत तर तो कावराबावरा होऊन दादाला विचारायचा, “माझं काय चुकलं रे? मला काढणार आहेत का?” बाबा ज्याला झापत त्याच्यावर त्यांची आशा आहे, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि टीम जिंकत होती. ठाणे, कल्याण, मुंब्रा, डोंबिवली अशा सगळ्या टीमा मिळून मे महिन्यात एका ढालीसाठी खेळायच्या. ती पितळी ढाल वर्षानुवर्षं आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत, एकाच खिळ्यावर लटकलेली. आई दर दिवाळीला ती खाली काढून चिंचेने घासायची. ढालीमागची भिंत तेवढी पांढरी राहिली होती, इतकी ती घरची झाली होती.

डोंबिवली त्या वेळी म्हणजे विहिरी, काटेरी कुंपणं आणि मुंबईत जागा मिळेना म्हणून येऊन राहिलेली थोडी बिऱ्हाडं. त्यांची टीम आली की आमची पोरं आदल्या दिवशी सरावसुद्धा करत नसत. त्या वर्षी मात्र त्यांच्यात एक काटकुळा बॉलर होता. थेट दुसऱ्या बांधापासून धावत यायचा आणि विकेटपाशी पोचेपर्यंत बिचारा दमायचा. बाबांना चुकीचा खेळ बघवत नसे, मग तो शत्रूचा का असेना. ते बांधावरून ओरडले, “अरे टोणग्या, बॉल टाकायला येतोस की वरात घेऊन येतोस? अर्ध्यातनं पळ!” त्या मुलाने चमकून बघितलं. पुढच्या ओव्हरला तो अर्ध्यातून धावत आला आणि आमचे एकामागून एक गडी परत धाडू लागला. आम्ही जेमतेम जिंकलो. दादा घरी येईपर्यंत बाबांशी बोलला नाही.

बाबा मात्र मजेत जेवायला बसले. म्हणाले, “आज एक मुलगा बघितला.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. मी लग्नाची होते. “गोत्र कुठलं त्यांचं?” तिने विचारलं.

“बॉल आत आणतो,” बाबा म्हणाले.

तरी ते जमलं. मुलगा मुंबईला बँकेत होता, घर चांगलं होतं, पत्रिका जुळत होती. बघायला आले तेव्हा ह्यांनी मला विचारलं, वाचायला आवडतं का, आणि मी हो म्हणायच्या आत बाबांनी ह्यांचा उजवा हात स्वतःच्या हातात घेऊन बोटं तपासायला सुरुवात केली. ह्यांच्या घरच्यांना वाटलं, सासरे हात बघून भविष्य सांगतात. लग्न झाल्यावर बाबांच्या सांगण्यावरून आम्ही पलीकडच्याच आळीत बिऱ्हाड केलं. कचेऱ्या मुंबईला, मग डोंबिवलीपेक्षा ठाणं जवळ, असं कारण सांगायला सोपं होतं. डोंबिवलीकर मात्र काय ते समजले होते. ‘मुलगी देऊन बॉलर नेला’ असं ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत, आणि मला त्याचा राग येण्याऐवजी थोडी ऐटच वाटायची.

पहिला मोसम तर काय सांगावा! हे एका टोकाने, दादा दुसऱ्या टोकाने. समोरच्या टीमा जेवणाच्या सुट्टीच्या आतच गुंडाळल्या जायच्या आणि पाहुण्यांना जेवायला घालून दुपारी परत पाठवावं लागे. बाबांना वाटलं, आपल्याला गुरुकिल्लीच सापडली. आमच्या काकांची मुलगी लग्नाची होती. तिच्यासाठी कल्याणचा एक बॅट्समन हेरला गेला. समोरच्या घरातल्या मुलीला भिवंडीकडचा विकेटकीपर मिळाला. आमच्या आळीत त्या दिवसांत मुलाची पत्रिका मागून यायची, आधी त्याच्या रन्सची चौकशी व्हायची. लग्नं चांगली झाली हं सगळी. मुलींनी तक्रार करावी असं काही नव्हतं. टीममध्ये आता तीन सख्खे म्हणावेत असे जावई आले होते आणि अशी टीम ठाण्याने पूर्वी पाहिली नव्हती.

पण जावई म्हणजे काय, हे बाबांनी विचारातच घेतलं नव्हतं.

जावयाला अरेतुरे करायचं नाही. जावयाला ओरडायचं नाही. जावयाला चारचौघांत चूक दाखवायची नाही आणि घरी तर मुळीच दाखवायची नाही. ही सगळी घरातली रीत टीमबरोबर शेतात गेली. जे बाबा पोरांना “टोणग्या, डावीकडे मर” म्हणायचे, तेच आता बांधावरून हात जोडल्यासारखे करून म्हणायचे, “जावईबापू, हरकत नसेल तर जरा डावीकडे सरकता का?” जावयाला पळवायचं कसं, म्हणून तिन्ही जावई विकेटजवळ. दोघे स्लिपमध्ये आणि एक स्टम्पांमागे. त्यांच्या मागे गेलेला बॉल आणायला आळीतली पोरं बांधावर उभी. बॅटिंगला जायचं ते मानाप्रमाणे, म्हणजे ज्याचं लग्न आधी झालं तो आधी. आमचे हे बॅट धरण्यापुरती धरत, तरी थोरले जावई म्हणून सलामीला जायचे आणि लगेच परत यायचे. परत आले की बाबा पुढे होऊन म्हणायचे, “बॉलच तसा होता.”

शेताचा मालक बांधावर विडी ओढत बसलेला असायचा. एकदा त्याने बाबांना विचारलं, “भाऊसाहेब, तुमचे जावाय पलतान कवा?” जावई पळतात कधी, हा प्रश्न बाबांनी ऐकला नसल्यासारखं केलं.

काकांची तर आणखी पंचाईत. ते अंपायर होते आणि कल्याणचा जावई त्यांचा स्वतःचा. एका रविवारी बॉल त्याच्या पायावर असा आदळला की रस्त्यावरून जाणाऱ्यानेही आऊट दिला असता. काकांनी बोट वर केलं. बोट वर करताना त्यांच्या काय लक्षात आलं असेल कोण जाणे, पण ते अर्ध्यातच अडखळलं, असं दादा सांगतो. जावई रुसला. दिवाळसणाला आला नाही. काकू काकांशी बोलेनाशी झाली, चुलत बहीण डोळ्यांना पदर लावून बसली. शेवटी काका नवी कोरी बॅट घेऊन कल्याणला गेले, तेव्हा कुठे जावयाने पाटावर बसून लाडू खाल्ला. त्यानंतर काकांचं बोट जावयांसाठी कधी वर गेलं नाही. मग बाकीच्या टीमांनी ओरड केली आणि अंपायर बाहेरून यायला लागले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि टीम अजून जिंकतही होती. पण आळीतली आमची स्वतःची पोरं बांधावर बॉल आणून आणून कंटाळली. जावयाला वगळायचं कसं? जावई म्हातारा झाला तरी तो जावईच. एक मुलगा तर फार छान खेळायचा, बाबांनी त्याला लहानपणापासून झापून तयार केलेला. दोन वर्षं वाट पाहून तो डोंबिवलीला मामाकडे राहायला गेला आणि त्यांच्याकडून खेळायला लागला. बाबांनी त्या दिवशी ताटातलं नुसतं चिवडलं. आईने दोनदा विचारलं, आमटी बिघडली आहे का.

त्या वर्षी अधिक वैशाख आला होता. ढालीच्या फायनलच्या आधीच्या रविवारी आम्ही मुंब्र्याच्या टीमशी कसेबसे जिंकलो. संध्याकाळी ह्यांचे पांढरे कपडे मी नीळ घालून पिळत होते आणि हे ओट्यावर बसून बुटांना खडू फासत होते. एकाएकी म्हणाले, “आज मी कॅच सोडला.”

“मग? सगळेच सोडतात.”

“सोपा होता. पदरात घातल्यासारखा. बाबा काय म्हणाले माहितीय? म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं असेल.” ह्यांनी बूट खाली ठेवला. “अगं, आभाळ भरलं होतं.”

मला हसू आलं, पण ह्यांचा चेहरा बघून ते मी गिळलं. हे म्हणाले, “पुढच्या वर्षी मी डोंबिवलीकडून खेळतो.”

“रुसलात?”

“रुसायला मी काय कल्याणचा आहे? हे बघ, त्या पहिल्या दिवशी बाबांनी मला बांधावरून झापलं ना, त्याआधी मला कुणी असं काही सांगितलंच नव्हतं. नुसते वा वा करायचे. ह्या माणसाच्या हाताखाली खेळायचं, असं मी त्याच दिवशी मनात ठरवलं. तुझं स्थळ आलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. आणि लग्न झाल्यापासून हा माणूस मला एक वाकडा शब्द बोलला असेल तर शपथ. दादाला झापतात, पोरांना झापतात. मला जावईबापू. माझा बॉल आत येईनासा झालाय, हे मला कळतं, सगळ्यांना कळतं. फक्त ते सांगत नाहीत. मी त्या टीममध्ये आहे की पंगतीत आहे, तेच मला कळत नाही.”

थोरला जावई समोरच्या टीममध्ये गेला तर बाबांना आळीत मान वर करता आली नसती. लोकांना काय वाटेल हे तर होतंच; पण ह्यांना खरोखर लागलं होतं आणि बाबांना त्याचा पत्ताही नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, “मी बोलते बाबांशी.”

“खबरदार,” हे म्हणाले. “मुलीने सांगितलं म्हणून झापलं, तर त्यात काय अर्थ आहे?”

बरोबर होतं ते. म्हणून मी गप्प बसले, आणि तो आठवडा मला फार जड गेला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, पायांवर पाणी घालायचं. त्या महिन्यापुरता तो प्रत्यक्ष नारायण. रेशनचे दिवस होते, तरी आईने आणि काकूने कुठूनकुठून तांदूळ आणि गूळ साठवला होता. आणि त्यांनी वाण द्यायला रविवार निवडला तो फायनलचा. तिन्ही जावई आयते ठाण्यात असणार, मग आणखी काय पाहिजे? दादाने आईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. “अगं आई, पुढच्या रविवारी कर ना!” आई म्हणाली, “पुढच्या रविवारी महिना संपलेला असेल. तुझी ढाल दर वर्षी असते, अधिक महिना तीन वर्षांनी येतो.” दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते.

फायनल डोंबिवलीशीच होती. सकाळी आमची बॅटिंग झाली. सलामीला आमचे हे गेले आणि आले. कल्याणच्या जावयाने त्यातल्या त्यात लाज राखली. दुपारी सुट्टी झाली तशी डोंबिवलीची पोरं चिंचेच्या झाडाखाली बसून डब्यातली पोळीभाजी खायला लागली आणि आमचे तिन्ही जावई रुळांवरचा पूल ओलांडून घरी पाटावर येऊन बसले. त्यांना ओवाळलं, हातात अनारशांची ताटं दिली, आणि मग पंगतीत धोंड्यांवर धोंडे, त्यावर तुपाची धार. आई एका बाजूने वाढतेय, काकू दुसऱ्या बाजूने. नको म्हणेल तो जावई कसला, आणि नको म्हटल्यावर थांबेल ती सासू कसली! बाबा दारात उभे राहून सारखे रस्त्याकडे बघत होते. अंपायरने निरोप पाठवला तेव्हा आईने सांगितलं, मठ्ठा राहिलाय.

त्या दिवशी आम्ही बायकाही मॅच बघायला गेलो. बांधावर सतरंजी टाकून बसलो. तिन्ही जावई शेतात आले ते हाताला धरून आणल्यासारखे. डोंबिवलीची पोरं हसली. त्यांचा विकेटकीपर म्हणाला, “या, या, पान लावू का?”

ह्यांनी बॉलिंग सुरू केली. बॉल आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता, नुसता येत होता. दादा कपाळाला हात लावून उभा, पण थोरल्या मेव्हण्याच्या हातातून बॉल काढून घेणार कसा? शेवटी ह्यांनीच तो दादाच्या हातात दिला आणि स्लिपमध्ये जाऊन उभे राहिले. मग दादाने आणि दुसऱ्या एका मुलाने जीव तोडून डोंबिवलीचे गडी बाद केले. होता होता शेवटची जोडी उरली. डोंबिवलीला जिंकायला तीन रन्स हव्या होत्या, आणि बॅट हातात घेऊन उभा होता आमच्याच आळीतून गेलेला, बाबांनी झापून वाढवलेला तो मुलगा.

त्याने बॉल हलक्या हाताने स्लिपच्या बाजूने काढला. बॉल ह्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून मागे गेला. नेहमी मागे बॉल आणायला उभं असणारं पोरगं त्या दिवशी रन्स वाचवायला म्हणून दादाने पुढे बोलावलं होतं. मागे कुणीच नव्हतं. बॉल ढेकळांतून सावकाश चालला होता. कल्याणच्या जावयाने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कल्याणच्या जावयाकडे पाहिलं. आधी आपण, नाही आधी आपण, असं पंगतीतून उठताना करतात ना, अगदी तसं. आणि तिकडे डोंबिवलीची पोरं पळत होती.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

“अरे टोणग्या, पळ की! सासरवाडीला जेवायला आलायस का?”

शेतातले सगळे जागच्या जागी थिजले. आईने तोंडावर हात ठेवला. काकू “अगं बाई!” म्हणून माझ्या दंडाला धरून बसली. अधिक महिन्यात, वाण दिल्या दिवशी, साऱ्या गावासमोर, थोरल्या जावयाला! बाबांनी स्वतःच्याच तोंडावर वाकडं बोट धरलं होतं, जणू ते बोलले नव्हते, दुसरंच कुणी बोललं होतं.

आणि हे पळाले. पोटात एवढे धोंडे घेऊन माणूस असा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ढेकळांत पडले, उठले, पुन्हा पळाले, बॉल उचलून तसाच फेकला. तो स्टम्पांच्या वीतभर बाजूने गेला. तिसरी रन झाली. ढाल गेली.

डोंबिवलीची पोरं त्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचायला लागली. आमचे हे परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले, एक कोपर फुटलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की लग्नातल्या फोटोतही तसं नाही. लोकांना वाटलं, जुन्या टीमवर माया आहे म्हणून हसतोय. मला मात्र खरं काय ते कळलं, आणि ढाल गेल्याच्या क्षणी मीही बांधावर बसून हसत होते. आईने माझ्याकडे असं बघितलं की पुसू नका.

संध्याकाळी आईने बाबांना घराबाहेर काढलं, उरलेल्या अनारशांचा डबा हातात देऊन. जावयाची माफी मागितल्याशिवाय परत येऊ नका, म्हणाली. बाबा आमच्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. डबा मांडीवरच. मी चहाचं आधण ठेवलं आणि कान बाहेर लावले.

“जावईबापू,” बाबा म्हणाले, “आज माझ्या तोंडून भलतंच गेलं. आपण रागावला असाल.”

“रागावलोय,” हे म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली.

“आत्ता ‘आपण’ म्हणालात म्हणून रागावलोय. मगाशी शेतात म्हणालात ते मला गेली चार-पाच वर्षं ऐकायचं होतं.”

मी दारातून डोकावले तर ते ह्यांच्याकडे असे बघत होते, जसं पहिल्या दिवशी त्या काटकुळ्या बॉलरकडे बघितलं असेल. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, छत्री भिंतीला टेकवली आणि खुर्चीत मागे सरकून बसले.

“मग मला सांग,” ते म्हणाले, “गेल्या रविवारी तो कॅच कसला सोडलास रे? हात आहेत की झारा?”

त्यानंतर जे सुरू झालं ते तीनदा चहा होईपर्यंत थांबलं नाही. मनगट ढिलं पडतं इथपासून ते सलामीला जाताना लाज कशी वाटली नाही इथपर्यंत, पाच वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर आलं. हे मधूनमधून नुसते “हो बाबा” म्हणत होते. अनारसे दोघांनी मिळून संपवले.

टीम मात्र त्या दिवसापासून बसली ती बसलीच. कल्याणच्या जावयाने, आज त्यांना म्हणाले, उद्या मला म्हणतील, असं सांगून पुन्हा कल्याणकडून खेळायला सुरुवात केली. भिवंडीच्या जावयाचा गुडघा एकाएकी दुखायला लागला. गेलेली पोरं परत आली नाहीत. त्यांचं तिकडे चांगलं चाललं होतं. नवी पोरं तयार व्हायला वर्षं लागतात आणि तोवर कोपरीच्या त्या शेताच्या कडेने घरं उठायला लागली. आम्ही दर वर्षी खेळलो आणि दर वर्षी लवकर हरलो. ढालीच्या जागी आईने कॅलेंडर लावलं, पण ते त्या पांढऱ्या गोलापेक्षा लहान पडायचं. आमचे हे शेवटपर्यंत बाबांच्याच टीममध्ये होते. बॉलिंग सुटली, मग ते बांधावर बॉल अडवायला उभे राहायचे, अगदी बाबांच्या छत्रीशेजारी, आणि दिवसभर बोलणी खायचे. रविवारी संध्याकाळी घरी आले की आज काय काय म्हणाले ते मला कौतुकाने सांगत बसायचे.

काही वर्षांनी माझी धाकटी बहीण लग्नाची झाली. बघायला मंडळी आली तेव्हा आम्हीही तिथेच होतो. मुलगा शिकलेला, नम्र, चष्मा लावणारा. बाबांनी त्याच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, “क्रिकेट खेळता का?”

मुलगा ओशाळला. “नाही. कधी जमलं नाही.”

“उत्तम,” बाबा म्हणाले, आणि आईचा जीव भांड्यात पडला.

मग बाबांच्या लक्षात आलं की पाहुण्यांना अजून पाणी दिलेलं नाही. त्यांनी आतल्या दाराकडे वळून आवाज दिला, “अरे टोणग्या, पाणी आण की!”

मुलाचे वडील दचकले. एवढ्या सभ्य घरात गड्याशी असं बोलतात की काय, असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात आमचे हे तांब्या-भांडी ठेवलेलं तबक दोन्ही हातांनी धरून आले. थोडं पाणी सांडलं. पाहुण्यांनी विचारलं, “हे कोण?”

“आमचे थोरले जावई,” बाबा म्हणाले. ह्यांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि बाबांच्या शेजारी बसले.